आंबापोळीची शास्त्रोक्त खरेदी आणि सेवन: कामतघर परिसरासाठी मार्गदर्शन

वाळवलेला आंबा दिसायला साधा असला, तरी त्याच्या खरेदीचा पद्धतशीर विचार अद्याप झालेला नाही, आणि भिवंडीच्या कामतघरात ही उणीव विशेष खटकते. कारण ज्या वस्तीत ताका उलगडून, उजेडासमोर धरून, तुटका धागा आणि तेलाचा डाग शोधल्याशिवाय कापड ताब्यात घेतले जात नाही, तेथेच आंबापोळीचे पाकीट मात्र त्यावर छापलेला हापूस पाहून मुकाट्याने पिशवीत टाकले जाते. कापड पारखणारी नजर खाण्याच्या वस्तूलाही लावता यावी, एवढ्याच हेतूने पुढील विवेचन केले आहे.

प्रथम वर्गीकरण. कैरीच्या फोडी मीठ लावून उन्हात कडक वाळवल्या की आंबोशी होते. ती मुळात आमटीत आंबटपणासाठी घालायची वस्तू असली, तरी शाळकरी मुले ती तशीच चघळतात, आणि तिला खाऊचा दर्जा बहाल करण्यास तेवढा पुरावा पुरेसा मानावा. पिकलेल्या आंब्याच्या फोडी साखर मुरवून वाळवण्याची पद्धत फिलिपाइन्स आणि थायलंडमध्ये रुजलेली असून, तशी पाकिटे आता सुक्या मेव्याच्या दुकानांतही दिसतात. तिसरी आणि येथे मुख्यतः अभिप्रेत असलेली आंबापोळी, जिला कोकणात साठ असेही म्हणतात: तूप लावलेल्या ताटात आंब्याचा रस पातळ पसरायचा, तो उन्हात सुकला की वर दुसरा थर द्यायचा, आणि असे थरावर थर चढवत गेले की ताटाच्या आकाराची, चिवट, सुटी पोळी निघते. या भेदांकडे सरकारनेही दुर्लक्ष केलेले नाही; 2022 साली केंद्राने वस्तू आणि सेवा कराविषयी खुलासा करताना ताजा आंबा करमुक्त, कापून वाळवलेला आंबा 5 टक्क्यांचा आणि आंब्याचा रस 12 टक्क्यांचा, असा निवाडा दिला होता. आंबा कापावा की पिळावा, यावर इतके गंभीर चिंतन क्वचितच झाले असेल.

खरेदीच्या मार्गांत सर्वश्रेष्ठ मार्ग पैसे न देण्याचा आहे, आणि त्यासाठी कामतघराइतकी अनुकूल भूमी दुर्मीळ. यंत्रमागाच्या धंद्याने भिवंडीत दूरदूरची माणसे आणून वसवली. पद्मानगर आणि आसपासच्या तेलुगू घरांत हाच पदार्थ मामिडी तांड्रा या नावाने ओळखला जातो, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेले कारागीर त्याला अमावट म्हणतात, आणि कोकणातून आलेल्या कुटुंबांचा तर त्यावर वडिलोपार्जित हक्कच असतो. उन्हाळ्यात ही सर्व मंडळी आपापल्या गावी जातात आणि परतताना पिशव्या जड झालेल्या असतात. अशा वेळी शेजाऱ्याच्या दारात जाऊन प्रथम गावच्या पावसापाण्याची, मग वडीलधाऱ्यांच्या तब्येतीची आणि सर्वांत शेवटी, सहज आठवल्यासारखी, यंदाच्या आंब्याची चौकशी करावी. हा क्रम बदलल्यास हेतू उघडा पडतो. मिळालेला तुकडा आत्मीयतेने स्वीकारून आपल्याकडच्या पोळीची किंचित स्तुती करावी, म्हणजे तुलना करण्याच्या निमित्ताने दुसरा तुकडा पुढे येतो. वऱ्हाळादेवीच्या तलावाकाठी संध्याकाळी फिरणाऱ्यांनी या तिन्ही परंपरांशी स्नेह राखल्यास हंगामभर बाजाराची पायरी चढावी लागत नाही.

ज्यांचा स्वभाव इतका मनमिळाऊ नाही, त्यांना पाकिटाकडे वळावे लागते. पाकिटाची मागची बाजू हीच खरी पुढची बाजू समजावी. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमाने छापणे उत्पादकावर बंधनकारक असल्याने, आंब्याच्या रसाआधी साखर छापलेली असेल तर ती साखरपोळी होय. भारतीय अन्नसुरक्षेच्या 2011 च्या नियमांत फळांपासून केलेल्या अशा वड्या-पट्ट्यांसाठी फळाचे किमान प्रमाण अवघे 25 टक्के ठेवले आहे, म्हणजे उरलेल्या तीन चतुर्थांश भागात उत्पादकाला कायदेशीर कल्पकता दाखवता येते. त्याच यादीत दिसणारा 330 हा आकडा सायट्रिक आम्लाचा, म्हणजे रसाने न आणलेल्या आंबटपणाचा असतो. 223 किंवा 224 असेल तर रंग काळवंडू नये म्हणून गंधकयुक्त क्षार घातले आहेत, आणि दम्याच्या रुग्णांनी असे पाकीट टाळलेले बरे. 102 व 110 हे कृत्रिम रंग असून त्यांचा आंब्याशी संबंध केवळ दिसण्यापुरता आहे.

यानंतर त्रैराशिक. पिकलेल्या आंब्याच्या रसात सुमारे 80 टक्के पाणी असते आणि चांगल्या वाळलेल्या पोळीत ते 15 टक्क्यांच्या आसपास उरते, त्यामुळे साखर न घालता एक किलो पोळी करायला चार किलोंहून अधिक रस लागतो, आणि साल व कोय वजा जाता त्यासाठी सहा-सात किलो आंबे फोडावे लागतात. दुकानदार ज्या भावात किलोभर ‘अस्सल हापूस’ पोळी देऊ करतो, त्या पैशांत सहा किलो हापूस येतो का, एवढा एकच प्रश्न मनात विचारावा. तो मोठ्याने विचारल्यास संबंध बिघडतात. वस्तुतः जाणकार घरांत पोळीसाठी हापूस नव्हे, तर रायवळ, म्हणजे कोयीपासून उगवलेल्या गावठी झाडाचा रसाळ आणि स्वस्त आंबा वापरतात. 2018 साली हापूसला मिळालेल्या भौगोलिक मानांकनात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड आणि पालघरबरोबर ठाणे जिल्हाही असल्याने कामतघरच्या रहिवाशाला अभिमान बाळगण्यास कायद्याची हरकत नाही, मात्र त्यासाठी आधी एखादे झाड असावे लागते.

आता प्रत्यक्ष पारख. सुट्या पोळीचा तुकडा उजेडासमोर धरावा. त्यातून मधाळ, किंचित असमान प्रकाश यावा आणि रेषे दिसावेत, कारण रायवळाचा रेषा अजिबात दिसत नसेल तर रस फार गाळलेला आहे किंवा मुळातच थोडा आहे. तुकडा दुमडल्यावर तडकला तर तो अति वाळलेला, बोटाला चिकटून राहिला तर अर्धवट वाळलेला. फाडल्यावर कडेला थर मोजता आले, तर कोणीतरी ऊन पाहत चार दिवस बसले होते असे खुशाल समजावे. लखलखीत पिवळा रंग हा गुण नसून सावधगिरीची सूचना आहे, कारण प्रामाणिक पोळी महिन्यागणिक तपकिरी होत जाते. जिभेवर गोडी आधी आणि आंबटपणा मागाहून यावा; नुसतीच गोडी येऊन थांबली, तर वर सांगितलेली साखरपोळी ती हीच.

घरच्या घरी पोळी घालण्याचा उद्योग कामतघरच्या गच्चीवर जपून करावा, कारण मागांतून उडणारे सुताचे तूस ओल्या रसावर बसले की पोळीला अस्तर लागते. वरून पातळ कापड बांधावे. कापडाची येथे टंचाई नाही. घरपोच मागवण्याचा मार्गही खुला आहे, आणि त्यात एक स्थानिक मौज आहे: काल्हेर, पूर्णा, राहनाळ येथील गोदामांतून देशभर माल जात असल्याने, मागवलेले पाकीट आधीच दोन-चार किलोमीटरवर पडून असण्याची शक्यता नाकारता येत नाही.

सेवनाचे नियम थोडके आहेत. पोळी सुरीने कापू नये, फाडावी; चावण्याची घाई करू नये, गालात धरून मऊ होऊ द्यावी, आणि कृत्रिम दात असलेल्यांनी पाहुण्यांसमोर हा प्रयोग करू नये. मधुमेह असलेल्यांनी फळ म्हणून स्वतःची समजूत घालू नये, कारण पाणी गेले तरी साखर जागच्या जागी राहते. उपवासाला चालते का, या प्रश्नावर घरातील ज्येष्ठ स्त्रीचा निर्णय अंतिम मानावा, मात्र तो विचारण्यापूर्वी तिला एक तुकडा द्यावा. पाकीट गुपचूप उघडायचे असल्यास माग चालू असताना उघडावे; वीज गेली की शेजारच्या खोलीतही चुरचुर ऐकू जाते.

पावसाळी हवेत पोळी ओलावा धरते आणि तिला बुरशी येते, म्हणून मृगाच्या सरींआधी थरांमध्ये कागद घालून ती घट्ट झाकणाच्या डब्यात भरावी. अशी पोळी दिवाळीपर्यंत टिकते. कामतघरात ती तोवर शिल्लक राहिल्याची नोंद मात्र आढळत नाही.