महाराजांची मोटार, बेलतल्याचं दप्तर

कोलकात्यात जुन्या मोटारींची रॅली १९६८ पासून भरते. तिथल्याच काय, देशातल्या कुठल्याही अशा रॅलीत गाड्यांचे इतिहास ऐकले की एक सामाजिक शोध लागतो : स्वातंत्र्यापूर्वी या देशात एकाही साध्या माणसानं मोटार घेतली नव्हती. वकिलानं नाही, डॉक्टरनं नाही, तागाच्या दलालानं नाही. सगळ्या गाड्या महाराजांच्या. महाराजांची नसेल ती धाकट्या राणीसाहेबांची, आणि राणीसाहेबांचीही नसेल तिच्यातून निदान एखादा व्हाइसरॉय तरी शिकारीला गेलेला. इतक्या शिकारी खरोखर झाल्या असत्या तर सुंदरबनात आज वाघ बघायला कुणी गेलंच नसतं. मराठी माणसाला हा मजकूर ओळखीचा वाटेल, कारण ही बखर आहे. इतिहासाचार्य राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढून बखरकारांची झडती घेतली आणि अस्सल पत्रं पुढे ठेवली. बंगालचे जदुनाथ सरकारही कागदाशिवाय न बोलणारे, म्हणून तर रियासतकार सरदेसायांशी त्यांचं आयुष्यभर जमलं. पेशव्यांच्या एकेका चिठ्ठीची तिथी ठरवण्यासाठी डोळे शिणवणाऱ्या या दोन प्रांतांत मोटारीची मात्र अजून बखरच चालते.

कागद असलेली मोटार कशी असते हे पाहायचं तर कोलकात्यात एल्गिन रोडवरच्या नेताजी भवनात, म्हणजे बोसांच्या जुन्या घरी, जावं. तिथे काचेआड एक जर्मन वाँडरर उभी आहे, १९३७ ची, नंबर बीएलए ७१६९. १६ जानेवारी १९४१ च्या उत्तररात्री पुतणे शिशिरकुमार बोस हिच्या चाकावर बसले आणि नजरकैदेतल्या सुभाषबाबूंना घेऊन धनबादमार्गे गोमोह स्टेशनकडे निघाले. कुटुंबाकडे स्टुडबेकर प्रेसिडेंटही होती, पण ती शहरात फार ओळखीची, म्हणून ही कमी मिरवणारी निवडली. घराभोवती साध्या वेशातल्या पोलिसांचा पहारा होता. कोण आलं, कोण गेलं हे टिपून ठेवणं एवढंच त्यांचं काम. आख्ख्या नोकरीत टिपण्यासारखा प्रवास एकच झाला आणि तेवढा राहून गेला. गाडीतल्या माणसाचे कागद खोटे होते : महंमद झियाउद्दीन, विमा कंपनीचे फिरते निरीक्षक, मुक्काम जबलपूर. गाडीची पाटी मात्र अस्सल होती. आजच्या जुन्या मोटारींच्या बाजारात नेमकं उलटं आढळतं, माणूस आधारकार्डासकट खरा आणि पाटीबद्दल शंका.

या गाडीला इतिहास कशामुळे राहिला? नेताजी बसले म्हणून, हे उत्तर अर्धंच आहे. नेताजी ज्या गाड्यांत बसले त्यांची भरघोस यादी कोलकात्यात कुणीही तोंडपाठ म्हणून दाखवेल. वाँडरर टिकली कारण ती विकली गेली नाही. बोस कुटुंबाकडून ती नेताजी रिसर्च ब्युरोकडे आली, डागडुजीनंतर १८ जानेवारी २०१७ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जींच्या हस्ते लोकांपुढे आली, आणि नंबर तोच राहिला. जर्मनीत वाँडरर हा कारखाना १९३२ साली ऑटो युनियनमध्ये विलीन झाला. त्या एकीच्या चार कड्या आज ऑडी मिरवते, म्हणजे गाडीच्या माहेरचीही वंशावळ कागदावर आहे.

विकलेल्या गाडीचं नशीब वेगळं. कायदा सांगतो की त्याच राज्यात गाडी विकली तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत कळवावं. प्रथा सांगते की फॉर्म २९ आणि ३० वर कोरी सही घ्यावी आणि तारीख पुढचा गिऱ्हाईक घालील. मग गाडी चार हात फिरते आणि नाव पहिल्याचंच राहतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट केलं की अपघाताची भरपाई नोंदीवर नाव असलेल्या मालकानंच द्यायची, गाडी त्यानं कधीच विकलेली असली तरी. अशी चार पिढ्या चाललेली गाडी कुणाची होती हे आरसी बुकातून कळणार नाही. ते कळेल चॅसी नंबरावरून, ज्याची पेन्सिलनं छाप घेतात आणि जो पाटीसारखा सहज बदलत नाही. रोल्स-रॉइस असेल तर त्या नंबराचं मूळ कार्ड, पहिल्या गिऱ्हाइकाच्या नावासकट, इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनशरच्या पॉलर्सपरी गावात तिथल्या शौकिनांच्या क्लबानं जपलं आहे. म्हणजे कोलकात्यातल्या भवानीपूरच्या गाडीची कुळकथा भवानीपुरातल्याच बेलतल्याच्या मोटार कचेरीत विचारण्यापेक्षा नॉर्थॅम्प्टनशरला पत्र टाकणं अधिक व्यवहार्य!

यावर उत्तर तयार असतं की २०२१ च्या केंद्रीय नियमांनी हा घोळ मिटवला. मिटवला खरा, पण कसा ते बघा. पहिल्या विक्रीनंतर झालेल्या पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटली तर गाडी विंटेज. ज्याला पहिल्या नोंदणीची तारीख माहीत आहे त्याला नियमाची फारशी गरज नाही, आणि ज्याला गरज आहे त्याच्याकडे नेमकी तारीखच नाही. कागद शाबूत असलेल्यानं जुना नंबर ठेवावा. बाकीच्यांनी वीस हजार रुपये भरून ‘व्हीए’ मालिकेतला नवा घ्यावा, दहा वर्षांच्या मुदतीचा. आजोबांचं वय सिद्ध होईना म्हणून त्यांचं नव्यानं बारसं करावं, असा हा उपाय आहे. गाडी कायदेशीर होते, पण तिचा भूतकाळ त्याच दिवशी कायमचा बंद होतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : तोंडी परंपरेला काहीच मोल नाही का? आहे. गोमोहचा प्रवास तरी कुठल्या नोंदवहीत होता? तो आपल्याला कळला तो शिशिरकुमारांनी सांगितल्यामुळे. पण ते चाकावर होते. साक्षीदाराला नाव आहे, जागा आहे, रात्र ठरलेली आहे. ‘असं म्हणतात’ या गृहस्थांना यातलं काही नसतं, तरी गाडीची किंमत त्यांच्याच शब्दावर वाढते. हौसेला मोल नसतं हे मान्य, पण हौशी माणूस गाडी विकायला काढतो तेव्हा राणीसाहेबांचे पैसे वेगळे लावतो, आणि तिथे पुरावा मागण्याचा हक्क घेणाऱ्याला मिळतो.

हा पुरावा आरटीओंच्या जुन्या दप्तरांत शोधायचा, तर राहिला खासगीपणाचा मुद्दा : जुन्या मालकांची नावं उघड कशी करायची? १९३० साली मोटार घेतलेल्या दलालाला आज वसुलीचे फोन यायची भीती नाही. आणि मोजपट्टी सरकारनं स्वतःच ठरवली आहे. पन्नास वर्षांची गाडी जर वारसा असेल, तर पन्नास वर्षांपूर्वीचं नोंदणीचं पानही वारसाच. बेलतल्यात आणि राज्याराज्यांच्या आरटीओंत जुनी जी दप्तरं असतील ती राज्य अभिलेखागारांकडे सोपवावीत आणि चॅसी नंबर घेऊन येणाऱ्या कुणालाही ती पाहू द्यावीत. बऱ्याच महाराजांच्या गाड्या तागाच्या दलालांच्या निघतील, त्याची तयारी मात्र हौशी मंडळींनी ठेवावी.