पनामा कालव्याची बोटसफर: धाराशिवकरांसाठी प्राथमिक धडे

आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही, बंदर नाही, आणि मे महिन्यात विचाराल तर नद्यासुद्धा नाहीत. पण मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेल्या आईवडिलांची मात्र इथे वाण नाही. त्यांच्यापैकी कोणालाही, कोणत्याही रात्री, "बाबा, या वेळी आपण क्रूझने पनामा कालव्यातून जायचं" असा फोन येऊ शकतो. अशा वेळी गोंधळ होऊ नये म्हणून हे धडे. क्रमाने वाचावेत. मधला धडा गाळून बोटीवर चढल्यास होणाऱ्या फजितीला आम्ही जबाबदार नाही.

धडा 1: न्यूनगंड घालवणे

"मी कोरडवाहू माणूस, मला जहाजातलं काय कळणार?" हे वाक्य आधी टाकून द्या. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस ऑफ द एरिथ्रियन सी' या सागरी वाटाड्यात तगर नावाच्या मोठ्या शहराची नोंद आहे. तगर म्हणजे आपलं तेर. तिथलं सुती कापड आणि मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जाई आणि तिथे जहाजावर चढे. तांबड्या समुद्रावरच्या इजिप्तच्या बंदरात माल उतरला की उंटाच्या पाठीवरून नाईल नदीपर्यंत, तिथून पुन्हा होडीत, आणि मग अलेक्झांड्रिया. एवढी चढउतार का, तर दोन समुद्रांच्या मध्ये वाळूची पट्टी आडवी होती. ती कापून सुएझचा कालवा 1869 साली वाहतुकीला खुला झाला. तेरचा माल पलीकडे पोचून तोवर अठराशे वर्षं झाली होती.

विश्वास नसेल तर तेरच्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात जाऊन या. आणि बोटीवर कोणी "पहिलीच वेळ का?" असं विचारलं, तर "माझी पहिली, गावाची नाही" असं उत्तर द्या.

धडा 2: घरचा सराव

सरावासाठी नळदुर्ग गाठा. बोरी नदी अडवून किल्ल्यात धरण बांधलं आहे आणि धरणाच्या भिंतीच्या पोटात पाणीमहाल आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळातलं हे काम. पावसाळ्यात नर आणि मादी हे दोन धबधबे भिंतीवरून कोसळतात आणि महालात बसलेला माणूस कोरडाच्या कोरडा राहतो. बोटीवर याच सोयीला बाल्कनी केबिन म्हणतात आणि तिचे वेगळे पैसे घेतात.

कालव्यात जहाज वरखाली करणाऱ्या दारांच्या हौदाला लॉक म्हणतात. खरंखुरं लॉक महाराष्ट्रातच पाहायचं तर ते मुंबईच्या इंदिरा गोदीच्या तोंडाशी आहे. भरती-ओहोटीने बाहेरचा समुद्र खालीवर होतो, पण आतल्या जहाजांखालचं पाणी हलू नये, म्हणून तिथे दारं असलेला अरुंद जलमार्ग ठेवला आहे. ही गोदी 1914 साली सुरू झाली, तेव्हा तिचं नाव अलेक्झांड्रा होतं. पनामा कालवाही त्याच वर्षीचा, आणि त्याची तारीख आपण विसरणं शक्य नाही: 15 ऑगस्ट. गोदीत मात्र सहज फिरायला जाता येत नाही, त्यामुळे हा भाग मनातल्या मनात करावा.

धडा 3: कालवा निवडणे

नवशिके इथेच फसतात. सुएझ 193 किलोमीटर लांब आहे, पण त्यात एकही लॉक नाही. दोन्हीकडचे समुद्र जवळपास एका पातळीत आणि मधली जमीन सपाट, त्यामुळे सरळ चर खणला की काम झालं. प्रवासात डावीकडे वाळू आणि उजवीकडे वाळू. काही घडायचंच असेल तर मार्च 2021 मध्ये 'एव्हर गिव्हन' हे मालवाहू जहाज आडवं होऊन सहा दिवस वाहतूक अडली होती तसं घडतं, आणि ते आपल्या बोटीच्या बाबतीत घडू नये अशीच इच्छा धरावी.

पनामा सुमारे 80 किलोमीटरचा, पण त्यात जहाज आधी 26 मीटर वर चढतं आणि मग तेवढंच खाली उतरतं. पैसे द्यायचे ते या चढणीचे. तिकीट काढताना 'पूर्ण पार' की 'अर्धी फेरी' हे विचारून घ्या. अर्ध्या फेरीत बोट तीन पायऱ्या चढते, वरच्या तलावात फिरते आणि आल्या वाटेने परत जाते. तुळजापूरला जाऊन पायऱ्यांवरूनच परतल्याची रुखरुख ज्याला सोसेल, त्यानेच ही फेरी घ्यावी.

धडा 4: कागदपत्रं आणि पिशवी

पासपोर्ट आणि व्हिसाचं मुलं बघतात. तुम्ही पिवळ्या तापाची लस बघा. ती अधिकृत केंद्रावरच मिळते आणि प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी लागते. पनामाहून परत येताना तिचा दाखला जवळ नसला, तर आपलंच सरकार 6 दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतं. तोवर गावभर बातमी पसरलेली असते.

पिशवीत कुंथलगिरीचा पेढा ठेवायला हरकत नाही, पण घरचे पदार्थ बोटीवर नेण्याचे नियम आधी वाचा. शेंगदाण्याच्या चटणीचं तपासनिसाला समजेल असं वर्णन इंग्रजीत करणं अवघड जातं.

धडा 5: दिशा

लॉकमध्ये शिरण्याच्या दिवशी पहाटेच पुढच्या डेकवर कठडा धरा. कुर्डुवाडी स्टेशनवर जागा धरण्याचा अनुभव इथे कामी येतो. मात्र रुमाल टाकून जागा राखू नये.

आता एक गंमत. अटलांटिककडून पॅसिफिककडे जायचं म्हणजे पश्चिमेकडे जायचं, असं सगळे धरून चालतात. पण पनामाची पट्टी अशी वळली आहे की बोट आग्नेयेला जाते, आणि पॅसिफिकचं तोंड अटलांटिकच्या तोंडाच्या पूर्वेला पडतं. प्रत्येक गटात एक काका असतात, जे सूर्याकडे पाहून "कप्तान चुकला" असं जाहीर करतात. त्यांना नकाशा दाखवा, वाद घालू नका. शिवाय कालव्यात बोट चालवण्याचा ताबा कप्तानाकडे नसतोच, तो कालव्याच्या पायलटकडे जातो.

धडा 6: लॉकमध्ये असताना

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला काँक्रीटचा हौद. जुन्या लॉकमधला एकेक हौद 33.5 मीटर रुंद आणि 305 मीटर लांब. जहाज आत येतं, मागचं दार मिटतं, तळातल्या छिद्रांतून वरच्या बाजूचं पाणी आत शिरतं, जहाज उचललं जातं. पातळी सारखी झाली की पुढचं दार उघडतं. गाटून इथे असे तीन हौद चढायचे, पलीकडे पेद्रो मिगेलला एक आणि मिराफ्लोरेसला दोन उतरायचे.

कठड्यावरून खाली पाहा. जुन्या मापात जेमतेम बसवलेल्या मोठ्या जहाजाला दोन्ही बाजूंना दीड हातही जागा उरत नाही. जहाज भिंतीला घासू नये म्हणून काठावरच्या रुळांवरून छोटी विजेची इंजिनं तारा ताणून त्याला मधोमध धरतात. त्यांना तिथे खेचर म्हणतात.

आपल्याकडचा माणूस इथे हमखास विचारतो, "मोटर किती एचपीची?" प्रश्न रास्त आहे आणि उत्तर चकित करणारं आहे. पाणी भरायला मोटरच नाही. तलाव वर आहे, पाणी आपल्या वजनाने खाली येतं. मोटर लागते ती फक्त झडपांना आणि दारांना. ही दारं दोन मीटरहून जाड, पण आतून पोकळ, म्हणून पाण्यात हलकी होतात. मूळ रचनेत त्यांचं एकेक पान लहानशा मोटरीवर हलत होतं. विहिरीवर साडेसातची मोटर बसवून रात्री अडीचला लाईटची वाट पाहणाऱ्याने या ठिकाणी अर्धा मिनिट मौन पाळलं तरी चालेल. कृष्णा-मराठवाडा योजनेत आपण वीज जाळून पाणी वर चढवायला निघालो आहोत. पनामात पाणी खाली उतरतं आणि जहाज वर चढतं.

धडा 7: तलाव आणि डोंगर

तिसरा हौद संपला की गाटून तलाव लागतो. चाग्रेस नदीवर धरण बांधून तो केला आहे. त्याच्याखाली जुनी गावं आणि जुनी रेल्वेलाईन गेली. उजनीच्या पाण्याखाली कोणाची गावं गेली हे ठाऊक असलेल्या माणसाला जास्त सांगायला नको. इतर प्रवासी या टप्प्यात जेवायला जातात. तुम्ही जाऊ नका, कारण पुढे कुलेब्रा खिंड आहे.

ही खिंड पाणलोटाच्या कण्यात खोदली आहे. आपल्या बालाघाटावर पडलेला एक थेंब मांजरा-तेरणेतून गोदावरीला जातो आणि दुसरा सीना-बोरीतून भीमेला. तिथे एक थेंब अटलांटिकला जातो आणि दुसरा पॅसिफिकला. सुएझ करून दाखवलेल्या फर्दिनां द लेसेप्सने 1881 साली इथेही लॉकशिवाय, समुद्रसपाटीवर कालवा खणायला घेतला. वाळूत जमलं ते दरडीच्या डोंगरात जमेना. पिवळा ताप आणि मलेरिया यांनी, अंदाजे, वीस हजारांवर माणसं नेली आणि 1889 मध्ये कंपनी बुडाली. पुढे अमेरिकेने 1904 ते 1914 या काळात डोंगर कापला आणि उरलेल्या डोंगराच्या उंचीला पाणीच नेलं. त्यातही सुमारे 5,600 माणसं गेली. खिंडीत सेल्फी काढायला हरकत नाही, पण आधी टोपी काढावी.

धडा 8: हिशेब

हा धडा फक्त धाराशिवकरांसाठी आहे. इतरांना तो सुचत नाही.

जुन्या लॉकमधून एक जहाज पार झालं की सुमारे 20 कोटी लिटर गोडं पाणी समुद्रात जातं. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला पाणी आणणारी 50 वाघिणींची रेल्वे एका खेपेला 25 लाख लिटर आणत होती. म्हणजे एका जहाजामागे अशा 80 रेल्वे. 2011 च्या जनगणनेत आपला जिल्हा 16 लाख 57 हजारांचा होता. माणशी रोज 55 लिटर धरले तर एका जहाजाच्या पाण्यात सगळ्या जिल्ह्याचे दोन दिवस निघतात. चांगल्या पावसाच्या वर्षी रोज 36 च्या आसपास जहाजं जातात. तिथल्या एका दिवसात आपल्या जिल्ह्याचे अडीच महिने समुद्राला मिळतात.

हे परवडतं ते पावसामुळे. कालव्याच्या अटलांटिक टोकाला वर्षाला 3,000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पण 2023 साली तो दगा देऊन गेला, तलाव खाली गेला, आणि रोजची जहाजं 36 वरून 22 पर्यंत आणावी लागली. बाहेर समुद्रात जहाजांची रांग लागली. काहींनी बोली लावून पाळी विकत घेतली, काही लांबच्या वाटेने गेली. जगाच्या व्यापाराला हे नवीन होतं. कालव्याची पाळी, वरचं गाव आणि खालचं गाव, पाणी प्यायला की धंद्याला, ही भांडणं आपल्याकडे पाटकऱ्यालाही पाठ आहेत. तिथेही पनामा सिटी आणि कोलोनचं पिण्याचं पाणी त्याच पाणलोटातून येतं. 2016 मध्ये सुरू झालेल्या नव्या लॉकच्या शेजारी तळी बांधून 60 टक्के पाणी पुन्हा वापरतात. आता रिओ इंदिओ नदीवर नवं धरण ठरतं आहे आणि ज्यांची गावं जाणार ते शेतकरी विरोध करत आहेत.

धडा 9: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

पोहून गेलं तर चालतं का? 1928 साली रिचर्ड हॅलिबर्टन पोहत गेला होता. वजनावर आकारणी होऊन त्याला 36 सेंट पडले. आता परवानगीच्या फंदात पडू नका.

आपल्याकडे असा कालवा का नाही? धाराशिव समुद्रसपाटीपासून सुमारे 650 मीटर उंच आहे. गाटूनच्या मापाने 75 हौद लागतील. हौद बांधायला ठेकेदार मिळतील. पण लॉकची पहिली अट म्हणजे माथ्यावर भरलेला तलाव, आणि घोडं अडतं ते तिथेच.

पैसे वसूल होतात का? होतात, पण वेळ साधली तर. क्रूझचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते एप्रिल आणि तिथला कोरडा काळ डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. एप्रिल आला की तलाव आपल्या तलावांसारखाच खाली गेलेला असतो. गाटून तलावाची पातळी कालव्याचं प्राधिकरण रोज जाहीर करतं. केबिन, जेवण, करमणुकीचे कार्यक्रम हे सगळं नंतर पाहा. तिकिटाचे पैसे भरण्याआधी तलावात पाणी किती आहे ते बघा आणि नोव्हेंबरचीच बोट धरा.