पहिल्या वर्षाचे डॉक्टर

बीबीच्या स्टँडवर एखादं पोरगं पांढरा अ‍ॅप्रन लोकांना दिसेल असा पिशवीवर घालून एसटीतून उतरलं, की समजावं: एमबीबीएस, पहिलं वर्ष, दिवाळीची सुट्टी. २०२४ साली बुलढाणा, जालना, वाशीम अशी चहूकडे सरकारी मेडिकल कॉलेजं निघाली, तेव्हापासून लोणार तालुक्यात ही जमात वाढीला लागली आहे. गाव त्याला स्टँडवरच 'डॉक्टरसाहेब' करून टाकतं. सुई कुठून धरायची हे साहेबांना अजून कोणी शिकवलेलं नसतं, ती गोष्ट वेगळी.

त्यांना एक चित्र मात्र पक्कं येतं: ब्रेकियल प्लेक्सस, मानेतून निघून हातात उतरणाऱ्या नसांचं जाळं. चौरसियांचं शरीररचनेचं पुस्तक कितीही घोका, व्हायवात परीक्षकासमोर डोकं कोरं. हातानं काढलं तरच बसतं. म्हणून साहेब दिसेल त्यावर काढतात. सोयाबीनच्या काट्याच्या पावतीमागं, मोटारसायकलच्या धुळकट सीटवर, आजीच्या परातीतल्या पिठात. आधी पाच आडव्या रेघा. वरच्या दोन एकत्र, खालच्या दोन एकत्र, मधली एकटी. झाले तीन बुंधे. प्रत्येकाला दोन फाटे, म्हणजे सहा. त्यातले मागचे तिन्ही एका दोरीत, पुढचे वरचे दोन दुसरीत, उरलेला तिसरीत. शेवटी पाच नसा, आणि त्यातल्या तिघींचं मिळून इंग्रजी एम. एम जमला की साहेब खूश. नाही जमला तर पीठ पुन्हा सपाट.

"मानेत मणके किती रे?" आजी विचारते.

"सात."

"न् नसा?"

"आठ."

"मंग ही वरची कुठून आणली?"

"पहिली नस पहिल्या मणक्याच्या वरून निघते, आजी." परीक्षेत हे उत्तर इतकं झटकन आलं असतं तर!

काकांनी पावती उलटसुलट करून पाहिली. "सहा वाटण्या झाल्यावर हे पुन्हा एकत्र आले? असा सातबारा आपल्या शिवारात तं नाही पाह्यला बा."

साहेबांचा खरा दिवस उजाडला तो मामांमुळे. मामा लग्नाहून 'जेवून' आले आणि खुर्चीच्या पाठीवर दंड टाकून रात्रभर तसेच झोपले. सकाळी पंजा मनगटातून लोंबलेला, काही केल्या वर उचलेना.

"रेडियल!" साहेब ओरडलेच. "दंडाच्या हाडामागून जाते, तिथं दबली. याला शनिवारच्या रात्रीचा लकवा म्हणतात."

"लग्न तं गुरुवारी होतं."

साहेबांनी ते मनावर घेतलं नाही. पेन काढून मामांच्या दंडावरच नस रेखाटली. कुठून निघते, कुठं वळते, कुठं दबली, सगळं बिनचूक. बघायला अर्धी गल्ली जमली.

"चित्र झकास आहे," मामा म्हणाले. "आता औषध सांग."

"औषधं सेकंड इयरला असतात, मामा."

"मंग तवर हात असाच लोंबू देऊ का?"


"मेहकरला दाखवा," साहेब म्हणाले, आणि पेनाचं टोपण लावताना हळूच पुस्ती जोडली, "पण डॉक्टरनं पाहिल्याशिवाय चित्र पुसू नका."