सुनेने दिवाळी अंक कापला!

"अगं, कळलं का? कोपऱ्यावरच्या बंगल्यातल्या सुनेने सासूबाईंचा दिवाळी अंक कापला!"

काकूंच्या बातमीला प्रस्तावना नसते. नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या आमच्या गल्लीत त्यांच्या आणि माझ्या रो-हाउसच्या मध्ये छातीइतकं कंपाउंड आहे. त्यावरून त्यांची जास्वंद इकडे वाकते आणि बातम्याही. निफाडचा पारा उतरल्याचं सकाळीच पेपरात आलेलं, अंगावर शाल, पाठीवर कोवळं ऊन. धुणं वाळत घालायचं सोडून मी कंपाउंडला टेकले.

"कापला म्हणजे?"

"कात्रीने! आणि साधासुधा अंक नव्हे. 'दीपावली'चा, दीनानाथ दलालांच्या मुखपृष्ठाचा. चित्रातल्या बाईच्या कडेकडेने नीट कात्री फिरवली आणि बाई चिकटवली वहीत."

"सासूबाई काय म्हणाल्या?"

"त्या पडल्या निवृत्त शिक्षिका. रागावतानाही सन सांगतात. म्हणाल्या, 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून लोक अंक बांधून ठेवतात, कापत नाहीत. आणि दार लावून घेतलं. आता दोघींचं बोलणं नातवामार्फत चालू आहे."

"दलालांचं चित्र कापायला नको होतं, काकू. पण वही मी बघितली आहे. वाईट नाही."

काकूंनी चष्मा कपाळावर चढवला. म्हणजे मी शत्रुपक्षाला मिळाले.

"आर्ट जर्नल म्हणते त्याला. मिक्स्ड मीडिया," त्या म्हणाल्या. "रंग, कागद, कापड, दोरा, फोटो, हस्ताक्षर, सगळं एका पानावर. मी म्हटलं, आमच्याकडे याला पसारा म्हणतात आणि पाहुणे यायच्या आत आवरतात."

"अहो, पण तो पसारा आपल्या नाशिकचा आहे. तुमचाच कांदेवाला तिला सालं देतो, ठाऊक आहे?"

"तरीच! परवा त्याला म्हणाली, कांदे अर्धा किलो आणि सालं पिशवीभर. तो बिचारा माझ्याकडे बघायला लागला. लासलगावच्या बाजारात आयुष्य गेलं त्याच्या बापाचं, सालं मागणारं गिऱ्हाईक पाहिलं नव्हतं. काय करते त्यांचं?"

"उकळते. गाळलेल्या पाण्यात तुरटी घातली की सोनेरी पिवळा रंग येतो. गंजलेले खिळे टाकून ठेवले की तोच रंग काळपट हिरव्याकडे जातो. त्यात कागद बुडवून दोरीवर वाळत घालते. त्या दिवशी तुम्ही म्हणालात ना, ही रुमाल एवढे कसे धुते, ते रुमाल नव्हते."

"बरं, आणि त्या वहीत आहे तरी काय?"

मग मी पानांची यादीच दिली. वही म्हणजे लाल कापडी बांधणीचा चोपडा, लक्ष्मीपूजनाला दुकानदार हळदकुंकू वाहतात तो. त्यातली मधली काही पानं तिने बुडाशी दोन बोटं ठेवून कापली आहेत, नाहीतर चिकटवलेल्या जिनसांनी वही फुगते आणि शिवण उसवते. पानाला आधी पांढरा लेप देते. बाजारात त्याला गेसो म्हणतात आणि किंमतही तशीच लावतात. ती घरीच खडूची वस्त्रगाळ पूड, फेविकॉल आणि पांढरा अॅक्रिलिक रंग कालवते. लेपामुळे पान ओलं झालं तरी कमी आकसतं आणि रंग मागच्या पानावर उतरत नाही. त्यावर 'कालनिर्णय'ची मागची पानं फाडून लावते, दुधाच्या हिशेबासकट. येवल्याच्या पैठणीच्या काठाचा विरलेला तुकडा धावदोऱ्याने टाचला आहे. रंगपंचमीला तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, नवऱ्याने उडी मारली, तेव्हाच्या त्याच्या सदऱ्याची बाही आहे.

"बाही? अख्खा सदरा गेला म्हण की."

"रहाडीचा रंग तसाही धुऊन जात नाही, काकू. आणि एका पानावर वायनरीतल्या बाटलीचं लेबल आहे, भिजवून काढलेलं."

"लेबल आलं म्हणजे बाटली आली," काकूंनी निकाल दिला. "हे सासूबाईंना ठाऊक आहे का?"

"मी सांगितलेलं नाही. आणि टपालाची तिकिटं, मागे नाशिकरोडचा शिक्का उठलेला तुकडा."

इथे काकूंचा आवाज बदलला. काका तिकिटं छापणाऱ्या सिक्युरिटी प्रेसमध्ये होते. "तिकिटं आपल्याकडचीच. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट, 21 नोव्हेंबर 1947 चं, तिरंग्याचं, 'जय हिंद' लिहिलेलं, ते नाशिकलाच छापलं. हे नेहमी सांगायचे. तिला म्हणावं, तिकीट कधी थेट फेविकॉलने चिकटवू नकोस. मागून कागदाची बिजागरी लाव, म्हणजे पुन्हा सुटेल. पण कुठलं ऐकते! चिकटवायची घाई."

"म्हणजे तुम्हाला यातलं कळतं."

"कळतं म्हणजे काय? आम्ही दुसरं केलं काय आयुष्यभर?"

आणि काकू सुटल्या. "आकाशकंदील कोण करायचं? बांबूच्या कामट्या तासायच्या, दोऱ्याने सांगाडा बांधायचा, पतंगाचा कागद लावायचा, खाली झिरमिळ्या. खळ घरची, मैद्याची. आणि खळीत चिमूटभर मोरचूद, नाहीतर कसर लागते. मात्र मोरचूद विषारी, पोरांच्या हाती द्यायचं नाही. तोच कंदील नाताळात शरणपूर रोडला चांदणी होऊन टांगतात. कामट्या त्याच, कागद तोच, सण तेवढा निराळा. गणपतीला मखर केलं. मधे सगळे थर्माकोलच्या मागे लागले. 2018 ला बंदी आली तेव्हा हीच मंडळी माझ्याकडे विचारायला, काकू, पुठ्ठ्याचा खांब गोल कसा वळवायचा? द्राक्षाच्या पेटीचा पुठ्ठा घ्या म्हटलं, त्याला आतून नाळ्या असतात, नाळीच्या रेषेत वळवला की मोडत नाही. आणि रुखवत! सुपाऱ्यांची नवरानवरी, काडेपेटीचं घर, डाळींची रांगोळी, लोकरीचं तोरण, मण्यांचा मोर. तेव्हा कुणी मिक्स्ड मीडिया म्हटलं नाही. मुलीकडचं रुखवत आहे, एवढंच म्हटलं."

"तेच तर, काकू! मुलीकडचं म्हणाले. तुमचं नाही म्हणाले."

काकू गप्प झाल्या. हे क्वचित घडतं, म्हणून मी घोडं पुढे दामटलं.

"तुमच्या नणंदेच्या लग्नातला तो मण्यांचा मोर आता कुठे आहे?"

"तिच्या सासरी माळ्यावर होता. माळा पाडला तेव्हा गेला."

"आणि तो कुणी केला होता, हे तिथे कुणाला ठाऊक होतं?"

"कशाला असेल? रुखवतावर कुणी नाव घालतं होय?"

"ती घालते. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात तारीख, कशाने रंगवलं, सालं कुठून आणली, काठ कुणाच्या साडीचा. अहो, शरणपूरचंच घ्या. तिथल्या मिशनच्या शाळेत गुलामीतून सोडवलेली आफ्रिकन मुलं शिकत होती. त्यातला एक जेकब वेनराइट. 1873 साली प्रवासी संशोधक डॉ. लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा त्यांचा देह माणसांनी महिनोन् महिने खांद्यावरून किनाऱ्यापर्यंत आणला. वाहणारे कितीतरी होते. पण जेकबला लिहिता येत होतं, त्याने रोजची नोंद ठेवली. म्हणून आज त्या प्रवासाची हकिगत त्याच्या शब्दांत वाचायला मिळते. 1874 च्या एप्रिलमध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबेत दफन झालं, तेव्हा शवपेटी धरणाऱ्यांत आपल्या नाशिकचा हा विद्यार्थी होता. बाकीच्या बहुतेकांची नावं आपल्याला कुठे ठाऊक आहेत?"

"बरी शोधून काढलीस. कांद्याच्या सालीवरून थेट लंडन." पण काकू विचारात पडल्या होत्या. जास्वंदीचं एक पिकलं पान त्यांनी उगाचच खुडलं.

"तुझं म्हणणं कळलं गं," त्या जरा वेळाने म्हणाल्या. "पण सगळंच कशाला राखायचं? रांगोळी काढली, संध्याकाळी पुसली. कंदील तुळशीच्या लग्नापर्यंत टिकला की पुरे. आता संक्रांत येते. माझे हलव्याचे दागिने बघितलेस ना?"

बघितले होते. गल्लीतल्या अर्ध्या सुनांची पहिली संक्रांत आणि त्यांच्या बाळांची बोरन्हाणं काकूंच्या दागिन्यांवर झाली आहेत. काळ्या चंद्रकळेवर पांढरा काटेरी हार, बाजूबंद, नथ, बिंदी. बाळकृष्णाला मुकुट आणि बासरी. जावयाला हलव्याचा नारळ. एका जावयाने हलव्याचा मोबाइल मागितला होता. काकूंनी तोही करून दिला आणि वर म्हणाल्या, याला रेंज नाही.

"हलवा बाजारातून आणून पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवला की दागिना होत नाही," त्या सांगायला लागल्या. "तो दिसतो, पण खायचा कसा? बोरन्हाणात पोर पहिलं काय करतं? हार तोंडात घालतं. म्हणून मी एकेक दाणा रेशमी दोऱ्याच्या फासात गुंफते. आणि हलवाही घरचा. तीळ, खसखस, साबुदाणा, वेलदोड्याचे दाणे, ज्याला जेवढा काटा हवा तसं. पितळी परात, खाली मंद शेगडी. एकतारी पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांनी दाणे हलवत राहायचे. जाळ वाढला तर पाक करपतो नाहीतर साखर सुटून नुसतं पीठ होतं. घाई केली तर दाणे एकमेकांना चिकटतात. एका बैठकीत होत नाही, पाक घालायचा, सुकवायचा, पुन्हा घालायचा. आणि थंडी हवी. निफाडचा पारा उतरला की माझ्या हलव्याला काटा येतो. एवढं करून शेवटी काय? पोरं खाऊन टाकतात. खायलाच हवं! तो हार काचेत ठेवला तर पावसाळ्यात पाणी सुटेल आणि मुंग्या होतील."

"हार खाऊनच टाकायचा, काकू. राखायची ती कृती. पाक किती, जाळ केवढा, फास कसा घालायचा. तुमची सून पुण्याला, लेक अमेरिकेत. दोघींपैकी कुणाला येतं?"

"लेक तिथून व्हिडिओ कॉल करून विचारते, आई, पाक बोटाला कसा लागायला हवा? आता ते मी फोनमध्ये कसं सांगू?"

"मग एक पान करू द्या ना त्या सुनेला. काळ्या खणाचा तुकडा, त्यावर तुमच्या फासाची दोरी खरीखुरी, दाण्यांच्या जागी रंगाचे काटेरी ठिपके, म्हणजे मुंग्यांचा प्रश्न नको. शेजारी तुमच्या हस्ताक्षरात कृती. आणि वर तुमचं नाव."

"नाव कशाला?" काकू म्हणाल्या. मग थोडं थांबून, "पूर्ण लिहील ना? माहेरचंही?"

"सांगते तसं."

"पण माझ्या अटी आहेत. पहिली, सासूबाईंच्या अंकांना हात नाही. हवं ते चित्र रंगीत झेरॉक्स काढायचं आणि झेरॉक्स कापायची. आणि उरलेला संग्रह नीट बांधून, त्यांना पटलं तर, सार्वजनिक वाचनालयाला द्यायचा. 1840 पासूनची संस्था आहे, तिथे कुणी कात्री घेऊन येत नाही."

"दुसरी?"

"जुनं कापड वापरायचं तर धुऊन, उन्हात घालून मग. वहीच्या कपाटात वेखंडाचा तुकडा ठेवायचा, आमच्या सासऱ्यांच्या पोथ्यांत असायचा तसा. आणि दोन ओल्या पानांच्या मध्ये बटर पेपर. तिची वही चिकटलेली मी पाहिली आहे."

"म्हणजे तुम्हीही वही चाळून आलात?"

"सासूबाईंच्या समाचाराला गेले होते," काकू शांतपणे म्हणाल्या, "टेबलावर होती. आणि तिसरी अट. मी नुसतं सांगणार नाही. बघून लिहिलेलं चालायचं नाही, तिने स्वतः परात धरायची. बोटं भाजली की कळतं, पाकाचं माप चमच्याने नसतं. साखर दोन किलो आण म्हणावं, बारीक. तीळ मी देते. तूही ये, नुसती टेकून गप्पा मारू नकोस."

"कधी येऊ?"

"उद्या पहाटे चारला. हलव्याला काटा त्याच वेळी येतो. कला म्हणवून घ्यायची आणि आठला उठायचं, असं माझ्या शेगडीपाशी चालणार नाही."