मायकेल मायर्सचा सातबारा

१४ ऑक्टोबर २०२२ रोजी मायकेल मायर्सचा लगदा झाला. हॅडनफिल्डच्या गावकऱ्यांनी त्याचा मृतदेह मोटारीच्या टपावर बांधला, मिरवणुकीने भंगाराच्या आवारात नेला आणि लोखंड भरडणाऱ्या यंत्रात सोडून दिला. हा इसम याआधी गोळ्या खाऊन, डोळे फुटून, जळून, खाणीत पडून आणि एकदा तर मुंडकं उडूनही परत आला होता. या खेपेला शंकेला जागाच ठेवायची नाही असं निर्मात्यांनी ठरवलेलं दिसलं. चित्रपटाचं नावही 'हॅलोविन एंड्स'. चव्वेचाळीस वर्षांचं प्रकरण एकदाचं मिटलं म्हणून चाहत्यांनी सुटकेचा निःश्वास टाकायला हवा होता. चाहते म्हणाले, छे, हा आमचा मायकेलच नाही.

ज्या वाचकांचा या प्रकरणाशी कधी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात कैफियत. १९७८ साली जॉन कार्पेंटर आणि डेब्रा हिल या जोडीने तीन लाख डॉलरच्या आसपास खर्च करून 'हॅलोविन' नावाचा चित्रपट काढला. हात इतका आखडता की खुन्याचा मुखवटा दुकानातून दोन डॉलरच्या आत आणला. तो होता 'स्टार ट्रेक'मधल्या कॅप्टन कर्कचा, म्हणजे विल्यम शॅटनर यांच्या चेहऱ्याचा. कल्ले उपटले, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग फासला. कथा ऑक्टोबर अखेरची आणि चित्रीकरण कॅलिफोर्नियाच्या वसंतात, त्यामुळे वाळकी पानं म्हणून रंगवलेली पानं रस्त्यावर पसरायची, शॉट संपला की गोळा करायची आणि पुढच्या शॉटला पुन्हा पसरायची. संगीतही कार्पेंटर यांनीच करून टाकलं. सहा वर्षांचा मुलगा १९६३ साली थोरल्या बहिणीला भोसकतो, पंधरा वर्षं वेड्यांच्या इस्पितळात तोंड न उघडता बसतो आणि मग पळून गावी येतो. का येतो? चित्रपट सांगत नाही. त्याचे डॉक्टर लूमिस हा माणूस म्हणजे मूर्तिमंत दुष्टपणा आहे असं वारंवार बजावतात, याचा अर्थ त्यांनाही पत्ता नाही. माणसं मरतात पाच, त्या बहिणीसकट. रक्त तर शोधावं लागतं. बाकी वेळ तो गृहस्थ कुंपणाआड नुसता उभा असतो, आणि तेच सहन होत नाही.

एवढ्या भांडवलावर चित्रपटाने नुसत्या अमेरिकेत साडेचार कोटी डॉलरच्या वर गल्ला जमवला. मग 'का?' हा प्रश्न अनुत्तरित ठेवणं कुणालाच परवडेना. १९८१ च्या दुसऱ्या भागात उत्तर मिळालं: ज्या लॉरी स्ट्रोडच्या मागे तो लागला, ती त्याची धाकटी बहीणच! ही पटकथा लिहिताना बिअरची मदत झाली हे कार्पेंटर यांनी पुढे स्वतःच सांगून टाकलं. १९९५ च्या सहाव्या भागापर्यंत या 'का?'चं उत्तर एका प्राचीन पंथाच्या शापापर्यंत पोचलं. ते कुणाच्या मदतीने सुचलं हे मात्र पुढे आलेलं नाही.

आजवर या मालिकेत तेरा चित्रपट झाले, आणि ते एकाच माणसाची गोष्ट सांगतात असा तुमचा समज असेल तर तुम्ही कधी वडिलोपार्जित जमिनीचा सातबारा वाचलेला नाही. मूळ गट एकच, १९७८ चा. त्यावर हक्क सांगणारे चार पोटहिस्से. पहिल्या हिश्शात एक, दोन, चार, पाच, सहा. इथे लॉरी मोटार अपघातात वारली असून तिची मुलगी जेमी ही वारस आहे. दुसरा हिस्सा १९९८ च्या 'एच ट्वेंटी'चा. इथे तो अपघात बनावट निघाला, लॉरी नाव बदलून कॅलिफोर्नियात एका निवासी शाळेची मुख्याध्यापिका होऊन बसली आहे आणि तिला जॉन नावाचा मुलगा आहे. जेमीची नोंदच नाही. चार ते सहा हे भाग फेरफार मारून कमी केले. तिसरा हिस्सा २०१८ चा, त्यातच पुढे 'किल्स' आणि 'एंड्स'. त्यात डेव्हिड गॉर्डन ग्रीन यांनी मूळ गट सोडून बाकीचं सगळं रद्द केलं. बहीण-भाऊ हे नातंही रद्द, ती म्हणे लोकांनी उठवलेली आवई होती. इथली लॉरी रानात तळघर बांधून बंदुका घेऊन बसलेली आजी आहे आणि तिला मुलगी व नात आहे. चौथा हिस्सा रॉब झॉम्बी यांचा, २००७ आणि २००९. त्यांनी नव्याने मोजणी करून घेतली. उरला तिसरा भाग, १९८२ चा. तो गायरान. तो कुणाच्याच नावावर नाही आणि आता त्यावर सगळ्यांचा डोळा आहे. त्याकडे येतोच.

प्रत्येक पोटहिश्शाला हरकतदार आहेत. जेमीच्या बाजूचे म्हणतात, एका पोरक्या पोरीला दोन चित्रपटभर रडवलंत, तिसऱ्यात मारलंत आणि चौथ्यात ती जन्मलीच नव्हती म्हणता? त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. 'एच ट्वेंटी'वाले सांगतात की त्यात लॉरीने कुऱ्हाडीच्या एका घावात मायकेलचं शिर उडवलं, प्रकरण तिथेच सन्मानाने संपलं होतं. संपलं नव्हतं. २००२ च्या 'रिझरेक्शन'मध्ये उघड झालं की ते शिर एका रुग्णवाहिका कर्मचाऱ्याचं होतं. मायकेलने त्याचा गळा चिरडून त्याला बोलता येणार नाही अशी व्यवस्था केली आणि आपला मुखवटा त्याच्या तोंडावर चढवला. पुढे याच चित्रपटात बस्टा राइम्स हे रॅपर कुंग-फूच्या लाथा घालून मायकेलला खिडकीबाहेर भिरकावतात. एवढ्या एका मुद्द्यावर मात्र चारही हिश्शांच्या चाहत्यांचं एकमत आहे. जमीन कुणाचीही असो, ही लाथ आमच्या हद्दीत पडलेली नाही.

आमचा एक भाचा न्यू जर्सीत असतो. हॅडनफिल्ड नावाचं खरंखुरं गाव त्याच राज्यात आहे. डेब्रा हिल तिथल्या, त्यांनी ते नाव उचललं आणि चित्रपटात इलिनॉयला नेऊन ठेवलं. (याच खऱ्या हॅडनफिल्डात १८५८ साली डायनोसॉरचा बराचसा सांगाडा सापडला होता. पुरलेलं उकरून काढायची तिथली परंपरा जुनी आहे.) तर 'एंड्स' पाहून आल्या आल्या भाच्याचा फोन.

"मामा, फसवलं रे आपल्याला."

"काय झालं?"

"मायकेल दिसतच नाही! कितीतरी वेळ तो कोरी नावाचा पोरगाच. मायकेल कुठे, तर गटारात. आजारी असल्यासारखा."

"अरे, पण पहिल्यातही तो झुडपाआडच असायचा की."

"ते वेगळं. तेव्हा भीती वाटावी म्हणून दिसत नव्हता. आता कोरी दाखवायचाय म्हणून दिसत नाही."

"मग 'किल्स'मध्ये तर होता ना भरपूर?"

"त्यात फारच होता. मारामारी नुसती. गोष्ट कुठे होती?"

"आणि २०१८ चा?"

"तो बरा होता. पण त्यात नवीन काय केलं? पहिलाच परत काढला."

"म्हणजे तुला नक्की काय हवंय?"

भाचा थोडा थांबला. अभियंता आहे, मोघम बोलत नाही. म्हणाला, "काहीतरी नवीन. पण पहिल्यासारखं."

चाळीस वर्षांनी येणाऱ्या उत्तरभागाकडून चाहत्याची अपेक्षा याहून नेमक्या शब्दांत मांडता येणार नाही. या मागणीचा पहिला अर्धा भाग एकदा मान्यही झाला होता. १९८२ साली कार्पेंटर आणि हिल म्हणाले, मायकेल जळून मेला, आता दर हॅलोविनला एक नवी गोष्ट सांगू. टॉमी ली वॉलेस यांनी 'सीझन ऑफ द विच' काढला. यात एक खेळणी कारखानदार मुलांना मुखवटे विकतो. त्यांत स्टोनहेंजच्या शिळेचा कण बसवलेला असतो आणि दूरदर्शनवरच्या एका जाहिरातीने तो कण जागा होऊन मुलांचे जीव घेणार असतो. कल्पना वेडी आहे, पण कुठून उचललेली नाही. यावर प्रेक्षकांचा एकच प्रश्न: मायकेल कुठाय? सहा वर्षं मालिका बंद पडली आणि चौथा भाग आला तेव्हा गैरसमजाला वाव नको म्हणून नावातच खुलासा केला: 'द रिटर्न ऑफ मायकेल मायर्स'. तेव्हापासून तेच चाहते तक्रार करत आहेत की दरवेळी तोच माणूस, तोच सुरा.

आणि तो तिसरा भाग? आज त्याचे मुखवटे विकले जातात, त्याच्या जाहिरातीची धून प्रौढ माणसं कौतुकाने गुणगुणतात. २०१८ च्या चित्रपटात दारोदार गोळ्या-चॉकलेटं मागत फिरणारी पोरं त्याच मुखवट्यांत दिसतात. 'एंड्स'च्या श्रेयनामावलीची निळी अक्षरं तर सरळ १९८२ च्या वळणाची आहेत. दिग्दर्शकाने आधीच सांगून ठेवलं होतं म्हणायचं: मीही मायकेलला बाजूला सारणार आहे, मलाही जोडे बसणार आहेत. बसले. कोरी कनिंगहॅम हा कुणी राक्षस नाही. एका मुलाला सांभाळायला गेलेला असताना त्याच्या हातून अपघात होतो, गाव त्याला खुनी ठरवतं आणि मग तो गावाचं म्हणणं खरं करून दाखवतो. माझ्या मते २०१८ पासूनच्या तीन चित्रपटांत विचार केलेला असा एवढाच भाग आहे. तो नीट जमला आहे असं मी म्हणत नाही, शेवटी मायकेल आणि लॉरीची स्वयंपाकघरातली झटापट उरकायची म्हणून बिचाऱ्या कोरीला घाईने निकालात काढलं आहे. पण चाहत्यांचं पंचांग ठरलेलं असतं. पहिल्या वर्षी विश्वासघात, दहाव्या वर्षी धाडसी प्रयोग, तिसाव्या वर्षी उपेक्षित कलाकृती. आजच कोरीच्या बाजूने एखाददुसरा वकील उभा राहू लागला आहे.

मुखवट्याचा विषय काढला नाही तर हे सदर अपुरं आहे अशी पत्रं येतील. मूळ मुखवटाच १९८१ साली पुन्हा वापरला, तोवर तो पिवळट पडला होता. चौथ्या भागात एका प्रसंगापुरते त्याचे केस अचानक सोनेरी होतात. चुकीचा मुखवटा चित्रीकरणात आला, कुणाच्या लक्षात आलं नाही, चाहत्यांच्या आलं. पाचव्यात मान ढगळ. 'एच ट्वेंटी'त मुखवटे चित्रीकरण चालू असताना बदलले आणि एका शॉटमध्ये तर तो संगणकावर काढलेला आहे. २०१८ मध्ये मात्र मुखवटा मुद्दाम चाळीस वर्षं जुना दिसेल असा सुरकुतवला. यावर मी अशा माणसांची चर्चा ऐकली आहे ज्यांना स्वतःच्या लग्नातला शेरवानीचा रंग आठवत नाही, पण मायकेलच्या कानामागची शिवण कोणत्या साली डावीकडे सरकली ते आठवतं. आणि मुद्दा असा, की मूळ मुखवटा दोन डॉलरच्या आतला होता आणि तो शॅटनर यांच्यासारखाही दिसत नव्हता.

आपण नाक मुरडायचं कारण नाही. 'झपाटलेला' आला १९९३ मध्ये. तात्या विंचूची कल्पना १९८८ च्या 'चाइल्ड्स प्ले'मधल्या चकीवरून आलेली, पण रामदास पाध्यांचा हात आणि दिलीप प्रभावळकरांचा आवाज लाभल्यावर तो बाहुला असा काही मराठी झाला की चकीच त्याची नक्कल वाटावा. वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, 'झपाटलेला २' थ्रीडीत आला. पहिल्यात लक्ष्या झालेले लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्येच गेले होते, म्हणून पडद्यावर लक्ष्याचा मुलगा आला. तिकडे लॉरी नाही म्हणून जेमी, इकडे लक्ष्या नाही म्हणून आदित्य. वारस नोंद बिनचूक होती. बाहुला थ्रीडीत अंगावरही आला, पण ज्याचं घाबरणं बघायला आपण जात होतो तो माणूस चौकटीत नव्हता, आणि त्यावर कोथरूडपासून कणकवलीपर्यंत कुणाकडेच इलाज नव्हता.

या सगळ्यात मला एकच माणूस सरळ वाटतो, तो म्हणजे खुद्द कार्पेंटर. आपल्या पोराबाळांचं लोक काय करतात याची त्यांना फिकीर नाही. नवे चित्रपट निघतात तेव्हा आपण हात पुढे करतो आणि त्यावर धनादेश ठेवला जातो, अशा अर्थाचं ते गेली कित्येक वर्षं हसत सांगत आले आहेत. २०१८ पासूनच्या तिन्ही चित्रपटांचं संगीत त्यांनी मुलगा कोडी आणि डॅनियल डेव्हिस यांना घेऊन केलं. निर्मितीकडेही वारसा चालूच आहे. मालिकेचे निर्माते मुस्तफा अक्काड २००५ साली अम्मानच्या बॉम्बस्फोटांत मारले गेले, त्यांच्यामागे मुलगा मालेक निर्माता झाला. थोडक्यात, खरा सातबारा कधीच वादात नव्हता.

वाद घालणारे तिकीट काढून घालत होते. २०१८ च्या भागाने पहिल्या तीन दिवसांतच अमेरिकेत साडेसात कोटी डॉलर ओलांडले. मग 'किल्स'ला शिव्या बसल्या, त्यात गावकरी "आज रात्री दुष्टपणा मरणार" असं इतक्या वेळा ओरडतात की दुष्टपणाच कंटाळून जावा. तरी पुढच्या वर्षी 'एंड्स'ला पहिल्या तीन दिवसांत सुमारे चार कोटी डॉलर जमले, आणि तेही चित्रपट त्याच दिवशी घरबसल्या पीकॉकवर उपलब्ध असताना. चिडलेल्या माणसाइतकं नियमित गिऱ्हाईक दुसरं नाही.

२०२३ च्या ऑक्टोबरात बातमी आली की 'हॅलोविन'चे दूरचित्रवाणीचे हक्क मिरामॅक्सने घेतले. बातमीत ना नटाचं नाव होतं ना प्रदर्शनाची तारीख. भाच्याला विचारलं, लगदा झालेला माणूस आता कसा आणणार?

"ते करतील काहीतरी," तो म्हणाला. "मला काळजी मुखवट्याची आहे. तो चुकणार बघ, मामा. मानेपाशी चुकणार."

"अरे, अजून बनवलेलासुद्धा नाही त्यांनी."

"म्हणून तर आत्ताच सांगून ठेवतोय."