मार्च, एप्रिल, ऑगस्ट आणि साहित्य

मराठी ग्रंथव्यवहारात आरक्षण नाही. तेथे केवळ गुणवत्ता आहे. संविधानातील राखीव जागा शिक्षण, सरकारी नोकरी आणि लोकप्रतिनिधित्व यांपुरत्या असतात; खासगी प्रकाशकाच्या दारात त्या चपला काढून बाहेरच थांबतात. गुणवत्तेचे ठळक लक्षण म्हणजे ती ओळखीच्या आडनावांत लवकर सापडते. १८८५ साली जोतीराव फुले यांनी ग्रंथकार सभेचे निमंत्रण पत्र लिहून नाकारले, तरीही हे लक्षण बदलले नाही.

ग्रंथकारांचे संमेलन १८७८ मध्ये सुरू झाले आणि पहिली स्त्री अध्यक्ष, कुसुमावती देशपांडे, १९६१ मध्ये लाभली. मधली ८३ वर्षे पात्र उमेदवाराचा कसून शोध चालू असावा. २०२५ पर्यंतच्या ९८ संमेलनांत स्त्री अध्यक्ष सहा.

उपेक्षितांसाठी तरतूद मुळीच नाही, असे मात्र नव्हे. स्त्रियांना मार्चचा विशेषांक असतो, दलितांना एप्रिलचा, आदिवासींना ऑगस्टचा. भटक्या-विमुक्तांनी ऑगस्टमध्येच जरा सरकून बसावे. उरलेले नऊ महिने ‘साहित्य’ छापले जाते.

दया पवार यांचे ‘बलुतं’ ग्रंथालीने १९७८ मध्ये काढले. वाचक ते बाराही महिने वाचतात.