रजा मंजूर नाही, नामंजूरही नाही

महाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामगारांना रजा नाकारतात, अशी बोंब आमच्या कानावर आली. कारखान्याचं नाव सांगत नाही. पाचपन्नास साहेबांना आपल्याबद्दलच लिहिलंय असं वाटावं, हे बरं. तर ही बोंब साफ खोटी आहे. रजा नाकारल्याचा एक तरी कागद कुणी दाखवावा! अर्ज आत जातो, साहेब तो वाचतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि म्हणतात, "बघू." यात नकार कुठे आला?

कसबे शिवथर, आंबे शिवथर, कुंभे शिवथर या गावांतली पोरं अंधारात उठून पहिली पाळी गाठतात. त्यांतला एक जण गणपतीच्या महिनाभर आधी साहेबांपुढे उभा राहिला.

"साहेब, गौरी-गणपतीला पाच दिवस पायजे होते. अर्ज दिलाय."

"अरे, इतक्या लवकर? तोवर कोण लक्षात ठेवणार! जवळ आलं की बघू."

जवळ आलं तसा तो पुन्हा गेला.

"आत्ता सांगतोस? रिलिव्हर काय झाडाला लागतात? आणि गणपती काय तुझ्या एकट्याच्याच घरी येतो? कंपनीतही बसतो की. पाळी सुटली की इथंच दर्शन घे."

हा भाविकपणा पाहून पोरगा गप्प झाला.

कायद्याला मात्र असा भक्तिभाव नाही. १९४८ चा कारखाने अधिनियम सरळ हिशेब मांडायचा. वर्षात २४० दिवस भरले की पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. पंधरा दिवस आधी लेखी अर्ज करा, वर्षात तीन खेपांपेक्षा जास्त तुकडे पाडू नका. साहेबांना नाही म्हणायचं असेल तर त्यांनाही वाट होती: कामगारांच्या प्रतिनिधींबरोबर बसून रजेची योजना ठरवावी, कारखाने निरीक्षकांच्या कचेरीत दाखल करावी, कारखान्यात सर्वांना दिसेल अशी लावावी आणि मग तिच्या आधारे खुशाल नाही म्हणावं. खरी मेख पुढे आहे. शिल्लक रजा तीस दिवसांपर्यंतच पुढच्या वर्षात नेता येते, पण मागूनही मिळाली नाही ती रजा कितीही साठवता येते. तिला मर्यादाच नाही! २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाच्या जागी नवी कामगार संहिता लागू झाली. तिने २४० चे १८० दिवस केले आणि ही मेख तशीच ठेवली.

आता कळलं, साहेब लिहून का देत नाहीत? लेखी नकार हा कामगाराच्या खात्यावर जमा होतो. तोंडी आश्वासन ३१ डिसेंबरला आपोआप विरघळतं.

आणि हे सोसतं कोण, तर शिवथरच्या खोऱ्यातली पोरं. तिथल्या घळीत बसून समर्थ रामदासांनी दासबोध सांगितला अशी परंपरा. शंकर श्रीकृष्ण देवांनी ती घळ १९३० मध्ये शोधून काढली. त्या ग्रंथात लेखनक्रियानिरूपण नावाचा अख्खा समास आहे. अक्षर कसं काढावं, कागदाच्या कडेला जागा किती सोडावी, लेखण्या कशा तासाव्यात, सगळं बारकाईनं. पण घळीतून निघून बारसगावमार्गे एमआयडीसीत उतरलं की लेखनक्रिया आटोपते. बरं तर बरं, समर्थांच्या डोक्यावर कुणी साहेब नव्हते. एकांतासाठी काही वर्षं हवीत, असा अर्ज आमच्या साहेबांकडे आला असता तर दासबोध अजून टाइम ऑफिसच्या ट्रेमध्ये पडून असता.

साहेबांचं रजेशी वैर आहे असं मात्र कुणी समजू नये. शिमगा उलटून गेला, शेतात काम नाही, घरी लग्न नाही, अशा भर एप्रिलात ते स्वतःहून रजा देतात. माल उठत नाही किंवा रिअॅक्टर धुवायचा असतो. मग नोटीस लागते, तीही टाइप केलेली, सहीशिक्क्यासह: उद्यापासून आठ दिवस शटडाऊन, दिवस पीएलमधून (भरपगारी रजेतून) वजा. पोरगा आठ दिवस ओटीवर बसून आढं मोजतो. जुलैत लावणीला चार दिवस मागितले की कळतं, खात्यात काही उरलेलं नाही.

गिरणीमालकही असेच प्रेमळ होते. रविवारची सुट्टी द्या, असं नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून सांगत होते. ती मिळाली १० जून १८९० ला. मधली सहा वर्षं मालक बहुधा बघतच होते.

काही पोरं अलीकडे शहाणी झाली आहेत. अर्ज दोन प्रतींत लिहितात आणि एकीवर पोच मागतात. टाइम ऑफिसातले भाऊ म्हणतात, शिक्का साहेबांच्या कपाटात आहे आणि कपाटाची किल्ली साहेबांच्या गाडीत. म्हणून एकाने पोस्टात जाऊन हाकेच्या अंतरावरच्या कारखान्याला स्पीड पोस्टाने अर्ज धाडला. साहेब खरंच दुखावले. "अरे, आपण सगळे एक कुटुंब. घरच्या माणसाला कुणी पोस्टाने पत्र पाठवतं का?" पावती मात्र पोराने जपून ठेवली. घरच्या माणसांशी व्यवहार कसा करावा, हे त्याला भावकीतल्या जमिनीच्या वाटणीने आधीच शिकवलेलं होतं.

ठेकेदाराच्या माणसांना ही कटकट नाही. त्यांना विचारावंच लागत नाही. आला तर हजेरी, नाही तर खाडा. आता संहिता १८० दिवसांनंतर त्यांनाही रजा देऊ पाहते. म्हणून दीडशेच्या आसपास कधीतरी ठेका भावाच्या नावावरून वहिनीच्या नावावर जातो. गेटपास नवा निघतो, माणूस तोच, मशीन तेच, डब्यातली भाकरीसुद्धा त्याच चुलीवरची. अशाच एकाला साहेबांनी परवा सहज विचारलं, "का रे, तुझे केस पिकले इथं. किती वर्षं झाली तुला कंपनीत?"

"गेल्या सोमवारीच लागलोय, साहेब."